एकशे सत्ताविसावं खोकं

"टाकळकर, हे चपलांचं दुकान गुरुवारच्या आत बंद झालं पाहिजे," डॉ. निफाडकर म्हणाले.

दुकान म्हणजे भिंतीवरच्या लाकडी फळ्यांवर मांडलेली चपला-बुटांची पुठ्ठ्याची खोकी. एकशे सत्तावीस. आत चपला नव्हत्या, चिठ्ठ्या होत्या. पोस्टकार्डाएवढी एकेक चिठ्ठी, तिच्यावर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठल्या जुन्या कागदात सापडला त्याची नोंद. अक्षर मुन्शीजींचं, शाई निळी. मराठीत आलेल्या अरबी शब्दांचा कोश करायचा म्हणून आमचं कार्यालय काढलेलं होतं. औरंगाबादला गुरांच्या दवाखान्याच्या माडीवर. खाली म्हशी, वर आम्ही. दोन्हीकडचे आजार जुनाट होते.

"पण मुन्शीजी डोळ्यांच्या दवाखान्यात आहेत, सर," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतोय."

साल त्र्याऐंशी. निफाडकर संचालक होते, पुण्याहून बदलून आलेले, आणि परत कधी जायला मिळेल याचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेत करणारे. मी साहाय्यक होतो. नेमणूक अकरा महिन्यांची, मग एक दिवस खंड, मग परत अकरा महिने. अशी माझी तिसरी खेप चालू होती. त्या एका खंडाच्या दिवशी आपण नक्की कोण असतो, याचा विचार मी दर वर्षी करत असे.

"गुरुवारी समिती येतेय," निफाडकर म्हणाले. "अकरा वर्षं झाली, कोश कुठाय म्हणून विचारणार. त्यांना काय दाखवू? बाटा-चपलांचं प्रदर्शन? कोश म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत. कपाट मागवलंय लोखंडी, कप्प्यांचं. सगळ्या चिठ्ठ्या अकारविल्हे त्यात गेल्या पाहिजेत. काम दिसलं, तर तुमच्या कायम नेमणुकीचा कागद मी त्याच दिवशी सहीला टाकतो. नाही दिसलं, तर कार्यालय बंद. मग मलाही कागद नको आणि तुम्हालाही."

"मुन्शीजींना एकदा विचारलं असतं..."

"त्यांना डोळे मिटून पडायला सांगितलंय. उगाच ताण नको त्यांना."

मुन्शीजी म्हणजे गोविंदराव कळमनुरीकर. वय एकाहत्तर, कपाळाला गंध, डोक्याला काळी टोपी. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून झालेली, पुढे हैदराबादला फारसी आणि अरबी. आयुष्यभर अदालतीत भाषांतरं केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. सगळ्यांना 'साहेब' म्हणायचे, शिपायालाही. त्यांच्या 'साहेब' म्हणण्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

अरबी शब्दकोश अकारविल्हे लागत नाहीत, हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. निदान त्यांनी वापरलेले जुने तरी नाहीत. तीन अक्षरांचं एक मूळ असतं आणि त्या मुळातून निघालेले सगळे शब्द एके ठिकाणी राहतात. मुन्शीजींनी मराठी शब्दांनाही तेच घर दिलं होतं. एक खोकं म्हणजे एक मूळ. झाकणावर पेन्सिलीने तीन अरबी अक्षरं, बस. एका खोक्यात अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार, मामुली आणि समन्सची तामिली. दुसऱ्यात कबूल, मुकाबला आणि कबिला.

"मुकाबला आणि कबिला एकाच घरात?" मी विचारलं होतं.

"समोरासमोर तोंड करून उभं राहणं हा मूळ अर्थ. लग्न झालं का तुमचं?"

"नाही."

"मग थांबा, साहेब. आपोआप कळंल."

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फळ्यांपाशी नेऊन उभं केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे खोकी ते हातानेच मोजत. "आठ दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "झाडलोट करा, पण खोकं जिथलं तिथं. आतल्या चिठ्ठ्यांना हात नका लावू."

"नाही लावणार."

"हौ म्हणा."

"हौ," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी कपाट आलं आणि मी पहिलं खोकं उघडलं.

काम अवघड नव्हतं. ते फक्त कंटाळवाणं होतं, आणि कंटाळवाण्या कामाचं एक बरं असतं, ते करताना आपण काय करतोय असं वाटत नाही. अंमल गेला अ मध्ये. मामला, मामलेदार, मामुली म मध्ये, तामिली त मध्ये. कबूल आणि कबिला शेजारी राहिले, मुकाबला दूर गेला. खोकं रिकामं झालं की शिपाई ते खाली नेऊन ठेवी आणि संध्याकाळी रद्दीवाला झाकणांसकट घेऊन जाई. निफाडकर मधूनमधून येऊन कप्पे ओढून बघत. कप्पा नवा होता, छान आवाज करत बंद होई. "वा," ते म्हणत. "आता कसं कार्यालय वाटतंय."

शनिवारी संध्याकाळपर्यंत चौसष्ट खोकी झाली.

रविवारी मी दवाखान्यात गेलो. निफाडकरांनी मोसंबी पाठवली होती, डझनभर. त्यांची ही बाजू मला ठाऊक नव्हती. मुन्शीजी उताणे पडले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पायाशी काकू बसल्या होत्या, वाती वळत.

"कोण?"

"टाकळकर."

"या साहेब. उठून स्वागत करता येईना, माफ करा. दोन्हीकडून पहारा आहे." त्यांनी हाताने वाळूच्या पिशव्या दाखवल्या. "खोकी ठीक आहेत?"

"ठीक आहेत."

"धूळ?"

"पुसली."

हे खरं होतं. फळ्या मी पुसूनच मोकळ्या केल्या होत्या.

"दिवसभर एकच धंदा," मुन्शीजी म्हणाले. "डोक्यात खोकी लावू लागलो. दहा-वीस लागतात, मग गुंता होतो. अमका शब्द इथं कामून ठेवला होता, तेच आठवेना. काही शब्दांसाठी सहा-सहा महिने घातले हो. हैदराबादेहून ग्रंथ मागवले, ते परतही गेले. तर मी ठरवलंय, पट्टी सुटली की पहिलं काम करायचं. बसून एकेका चिठ्ठीवर मूळ लिहून काढायचं."

माझ्या हातात मोसंबं होतं. "चिठ्ठीवर मूळ लिहिलेलं नाही?"

"कशाला लिहायचं? खोकं आहे की. घरात राहणाऱ्या माणसाच्या कपाळावर घराचा पत्ता कोण लिहितं, साहेब?"

काकू हसल्या. "अकरा वर्षं हेच ऐकू लागले मी. घरातलं मीठ कुठं असतं ते ह्यांना ठाऊक नाही, पण शब्दांची घरं सगळी पाठ."

"पाठ नाहीत ना," मुन्शीजी म्हणाले. "तेच तर सांगू लागलोय. पाठ असती तर खोकी कशाला लागली असती."

मी मोसंबं सोललं आणि एकेक फोड त्यांच्या तोंडात दिली. गोड आहे म्हणाले. सांगायला तेव्हा जागा होती. चौसष्ट गेलीत, त्रेसष्ट शाबूत आहेत, एवढंच वाक्य होतं. ते मी मनात दोनदा नीट रचून पाहिलं, व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती. मग भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी पासष्टावं खोकं उघडलं.

माझ्याकडे कारणं होती. अर्धं काम अकारविल्हे आणि अर्धं खोक्यांत, असं कुणालाच चाललं नसतं. निफाडकरांचा हुकूम होता. घरी आई दर अकरा महिन्यांनी शेजाऱ्यांना सांगे की श्रीनिवासला एक दिवस सुट्टी आहे. मुन्शीजी हुशार आहेत, त्यांना आठवेल, असंही एक कारण मी मंगळवारी दुपारी तयार केलं. ते रविवारच्या त्यांच्याच बोलण्याशी जुळत नव्हतं, पण तोवर नव्वद खोकी झाली होती.

बुधवारी साडेपाचला एक खोकं उरलं. पाठ मोडून आली होती, बोटांना शाईचा आणि धुळीचा थर, आणि खाली कुणाची तरी म्हैस अखंड ओरडत होती. मी ते खोकं पायाने टेबलाखाली सरकवलं. उद्या बघू म्हटलं. माझ्या हातून भाषेची जी काही सेवा झाली असेल ती एवढीच, आणि ती कंटाळ्यातून झाली.

गुरुवारी अकरा वाजता समिती आली. समिती तिघांची असणार होती, पण आले एकटे अध्यक्ष, बल्लाळसाहेब. निवृत्त जिल्हाधिकारी, सफारी, मोठा आवाज. निफाडकरांनी कप्पे ओढून दाखवले. बल्लाळसाहेबांनी स्वतः एक कप्पा ओढला, ढकलला, परत ओढला. आवाज त्यांनाही आवडला.

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज झाला.

मुन्शीजी आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, हात काकूंच्या खांद्यावर. डॉक्टरांनी आणखी चार दिवस पडून राहायला सांगितलं होतं. "समिती येणार, आणि काम दाखवायला काम करणारा नाही, हे बरं दिसत नाही," ते दारातूनच म्हणाले. "नमस्कार. कुठं आहात ते दिसत नाही, म्हणून सगळीकडेच नमस्कार."

बल्लाळसाहेब खूश झाले. त्यांनी खुर्ची पुढे केली. पण मुन्शीजी बसले नाहीत. ते सवयीने सरळ भिंतीकडे गेले, खोकी मोजायला हात पुढे केला, आणि त्यांचा हात लोखंडाला लागला.

बोटं कपाटावरून उजवीकडे गेली. मग डावीकडे. मग वर.

"टाकळकरसाहेब," ते म्हणाले. "खोकी?"

"सगळं लागलं, मुन्शीजी!" निफाडकर म्हणाले. "अकारविल्हे! नऊ हजार चिठ्ठ्या. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

मुन्शीजी कपाटावर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्याकडे पाहायचं टाळत मी काकूंकडे पाहिलं. त्या रिकाम्या फळ्यांकडे पाहत होत्या. त्यांना दिसत होतं.

"एखादं तरी राहिलंय का?" मुन्शीजींनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

मी टेबलाखाली वाकलो, खोकं काढलं आणि 'शेवटचं आहे' म्हणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी झाकण काढलं, चिठ्ठ्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला, खुर्चीवर बसले आणि खोकं मांडीवर घेतलं.

"हे निराळं का ठेवलं?" बल्लाळसाहेबांनी विचारलं.

निफाडकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उघडा राहिलेला एक कप्पा बंद केला. त्या आठवड्यात ते मला चांगलं जमू लागलं होतं.

"मीच सांगितलं होतं," मुन्शीजी म्हणाले. "नमुन्यासाठी. साहेब कुठल्या खात्यात होते?"

"महसूल. आयुष्य गेलं. सहा वर्षं तर तहसीलदार होतो, भोकरदनला."

"मग तुमचंच घर आहे हे. बघा." त्यांनी न पाहता पहिली चिठ्ठी काढून पुढे केली. "तहसील. मूळ अर्थ गोळा करणं. मातीतून सोनं वेचतात, तसं. म्हणून अरबस्तानात विद्या शिकणं हीसुद्धा तहसीलच. आपल्याकडे फक्त कचेरी उरली. ही दुसरी, महसूल. गोळा झालेलं. ही हासील. आमच्या उर्दू शाळेत बेरजेत हातचा धरायचा, त्याला हासील म्हणत. सात अन् आठ पंधरा, पाच लिहा, हासील एक. मास्तर छडी मारायचे हासील विसरलं की."

"वा!" बल्लाळसाहेब म्हणाले.

"ही हौसला. हिंदीतून आलाय आपल्याकडे. मूळ अर्थ, पाखराच्या गळ्याखाली दाण्यांची पिशवी असते बघा, ती. दाणे साठतात तिथं. ज्याच्या पिशवीत दाणे जास्ती, तो लांब उडंल. त्यावरून हिंमत. सगळी एकाच आईची लेकरं, साहेब. लग्न होऊन कुठं कुठं गेली. एक कचेरीत, एक शाळेत, एक पाखराच्या गळ्यात. त्यांना एकत्र बघितलं तरच चेहरेपट्टी कळते. म्हणून माझं म्हणणं असं होतं, की कोशात..."

"रंजक आहे हो, फारच रंजक," बल्लाळसाहेब म्हणाले. "पण सामान्य वाचकाचं बघायला पाहिजे ना, मुन्शीजी. त्याला शब्द चटकन सापडला पाहिजे. मूळ-बिळ देऊन हशील काय?"

"तो पण ह्याच खोक्यातला आहे," मुन्शीजींनी पाचवी चिठ्ठी पुढे केली.

सगळे हसले. बल्लाळसाहेब सगळ्यांत मोठ्याने. मुन्शीजी हसण्याचा जोर ओसरायची वाट पाहत होते, हातात आणखी एक चिठ्ठी धरून. पण तेवढ्यात चहा आला, चहाबरोबर निफाडकरांनी मागवलेले बटाटेवडे आले, आणि ती चिठ्ठी त्यांनी परत खोक्यात ठेवली.

साडेबाराला बल्लाळसाहेबांनी वहीत शेरा लिहिला : काम समाधानकारक, छपाईस मंजुरी. मंजूर या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहिलेलं' असा होतो, असं मुन्शीजींनी मला मागे एकदा सांगितलं होतं. नऊ हजार चिठ्ठ्यांपैकी बल्लाळसाहेबांनी पाच पाहिल्या होत्या. सरकारी कामात हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.

निफाडकर त्यांना पोचवायला खाली गेले. काकू रिक्षा बघायला गेल्या. आम्ही दोघं उरलो.

"कुणी लावलं?" मुन्शीजींनी विचारलं.

"मी."

"किती दिवसांत?"

"पाच."

"मला अकरा वर्षं लागली. तुम्ही चपळ आहात."

मी म्हणालो, आपण परत लावू. मी एकेक चिठ्ठी वाचतो, तुम्ही मूळ सांगा, मी लिहून घेतो. रोज संध्याकाळी घरी येत जाईन. हे मी खरंच मनापासून म्हणालो होतो. मनापासून म्हणणं आणि जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला पुढे कळलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग काळा चष्मा माझ्या दिशेने वळला, थोडा चुकून, माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे.

"रविवारी तुम्ही आलात, तेव्हा किती राहिली होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते मला पाठ होतं.

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

मुन्शीजींनी मान डोलावली. अदालतीत एखाद्या साक्षीचं भाषांतर पूर्ण झाल्यावर डोलावत असतील तशी. खोक्याचं झाकण त्यांनी चारी कोपरे चाचपून नीट बसवलं आणि खोकं टेबलावर ठेवलं.

"मोसंबी गोड होती," ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

माझा कायम नेमणुकीचा कागद पंधरा दिवसांत आला. निफाडकर शब्दाचे पक्के निघाले. मुन्शीजींची मुदत काम पूर्ण झाल्यामुळे वाढवली गेली नाही. काकूंना घेऊन ते कळमनुरीला मुलीकडे राहायला गेले. जायच्या आधी मी तीन संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. अ च्या दीडशे चिठ्ठ्या झाल्या, त्यातल्या साठेक चिठ्ठ्यांवर त्यांनी मूळ सांगितलं, बाकीच्यांवर 'आठवेना' म्हणाले, आणि तो शब्द मी चिठ्ठीवर पेन्सिलीने तसाच लिहिला : आठवेना. चौथ्या संध्याकाळी कायम झाल्याबद्दल कार्यालयात मित्रांनी पार्टी ठेवली होती. कळमनुरीला येतो म्हणालो होतो, पुढच्या रविवारी. दोन वर्षांनी काकूंचं कार्ड आलं, वरच्या कोपऱ्यात 'अशुभ' लिहिलेलं.

कोश निघाला. अ पासून ज्ञ पर्यंत. प्रत्येक शब्दापुढे कंसात 'अ.' असं छापलंय, म्हणजे अरबी. कुठल्या घरचा, ते नाही. साठ शब्दांना मूळ आणि बाकीच्यांना नाही, हे वाईट दिसेल म्हणून छपाईच्या वेळी त्या साठांचंही काढून टाकलं. काढून टाकायचं काम माझ्याकडेच होतं. कोशाला कुठलंसं पारितोषिक मिळालं, ते घ्यायला निफाडकर पुण्याहून आले होते.

पुढे मी साहाय्यक संपादक झालो, मग संपादक, मग निफाडकरांच्या खुर्चीत. दोन हजार अकरा साली कार्यालय बंद झालं. कपाट भंगारात गेलं आणि चिठ्ठ्या रद्दीत, कारण सगळं छापून झालेलंच होतं. पावतीवर सही माझी आहे. जाताना टेबलाच्या खणातून मी ते एक खोकं घरी आणलं. पत्नीने विचारलं, "चपला आणल्या?" मी हो म्हणालो. तिने उघडून पाहिलं नाही. आमच्या घरात मुकाबला फारसा होत नाही.

गेल्या महिन्यात माळा आवरताना ते हाती लागलं. झाकणावर पेन्सिलीची तीन अक्षरं अजून आहेत, पुसट. आत सतरा चिठ्ठ्या. त्या दिवशी चहा आल्यावर मुन्शीजींनी परत ठेवलेली कुठली, ते मला माहीत नव्हतं. एकेक काढून वाचत गेलो. तहसील. महसूल. हासील, हातच्याची. हौसला. हशील. मग ती सापडली. हासील शब्दाचीच दुसरी चिठ्ठी होती. निळी शाई थोडी फिकी झाली आहे, अक्षर स्वच्छ आहे.

'हासील. जुन्या अरबी कोशांत पहिला अर्थ असा : बाकीचं सगळं निघून गेल्यावर जे मागे टिकून राहतं, ते.'

खाली कंसात, स्वतःसाठी लिहिल्यासारखं : 'हाच अर्थ आधी द्यावा. बाकीचे ह्यातून निघाले.'

मी चिठ्ठी परत ठेवली. काढताना ती कोणत्या दोन चिठ्ठ्यांच्या मधे होती, ते आधी पाहून ठेवलं होतं.